लहान आहेत का?

आजीकडे बटणांचा एक पत्र्याचा डबा होता. विटलेला शर्ट फरशी पुसायला घ्यायच्या आधी ती त्याची बटणं कापून डब्यात टाकायची. दुपारी तो डबा उपडा करायचा आणि रंगांप्रमाणे ढीग लावायचे, हा माझा खेळ. पांढऱ्या ढिगापाशी मात्र नेहमी अडायला व्हायचं, कारण त्यात दोन जाती होत्या. "दाताला लावून बघ गं," आजी सांगायची, "गार लागलं तर शिंपल्याचं." मी एकेक बटण दाताला लावायची. प्लॅस्टिकचं कोमट, मुकं. शिंपल्याचं गार, आणि दातावर किंचित खरखरणारं.

शिंपल्याशी माझी ओळख एवढीच. एक तर बटण, नाहीतर नदीकाठच्या वाळूत सापडणारं रिकामं टरफल, बाहेरून काळपट हिरवं आणि आतून चांदणं सांडल्यासारखं. असली टरफलं मी खिसे भरभरून गोळा केली. ती सगळी रिकामीच का, आत राहणारा कुठं गेला, हे कधी मनात आलं नाही. आलं ते फार उशिरा, एका छायाचित्रामुळे.

छायाचित्रात तळहाताएवढा एक शिंपला होता आणि त्याला वाटोळी भोकं पाडलेली होती. सगळी एका मापाची, एकमेकांना खेटून. बटणं कापून घेतल्यावर उरलेलं ते टरफल. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी, आयोवा राज्यात, मस्कटीन नावाचं गाव आहे. जर्मनीहून आलेल्या जॉन बोप्पल नावाच्या कारागिराने १८९१ साली तिथं नदीतल्या शिंपल्यांपासून बटणं करायला सुरुवात केली. १९०५ मध्ये, म्हणजे जेमतेम चौदा वर्षांनी, त्या एका गावातून वर्षाला दीडशे कोटी बटणं बाहेर पडत होती. जगातल्या एकूण बटणांच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त.

शिंपले धरण्याची रीत वाचली आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. होडीला एक लांब दांडा बांधायचा, दांड्याला दोऱ्या, दोऱ्यांना बोथट आकडे. होडी प्रवाहाबरोबर सोडायची. तळाशी शिंपले किंचित उघडे, पाणी घेत बसलेले असतात. आकडा आत शिरला की शिंपला घाबरून मिटतो, आकड्यावरच घट्ट मिटतो, आणि तसाच वर ओढला जातो. कोट्यवधी वर्षं ज्या मिटण्याने त्याला वाचवलं, त्याच मिटण्यावर हा सगळा धंदा उभा होता.

शिंपले संपत आले तेव्हा कारखानदारांनाच घोर लागला. मस्कटीनजवळ फेअरपोर्टला सरकारने जीवशास्त्राचं केंद्र काढलं, शिंपल्यांची पैदास करण्यासाठी. बोप्पल शेवटी त्याच कामात होता. नदीत उतरलेला असताना एका शिंपल्याने त्याचा पाय कापला, जखम चिघळली आणि १९१२ साली तो गेला. यात नियतीचा न्याय पाहणारे पाहतात. मला तसं वाटत नाही. निदान शेवटी तरी तो माणूस नदीत उतरून शिंपले वाचवायला धडपडत होता, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

पण पैदास करायची म्हणजे शिंपला जन्मतो कसा हे कळायला हवं, आणि ते कळायला माणसाला फार वेळ लागला. आपल्याकडची कविकल्पना अशी की शिंपला तोंड उघडून स्वातीच्या थेंबाची वाट पाहतो, थेंब पडला की मोती होतो. वाट पाहतो हे खरंच आहे. फक्त ती थेंबाची नव्हे, माशाची.

लेव्हेनहुक या डच संशोधकाने १६९५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली शिंपल्याच्या कल्ल्यांत गरगर फिरणारे चिमुकले जीव पाहिले आणि ही त्याची पिल्लं असणार असं बरोबर ताडलं. पुढे शंभर वर्षांनी, १७९७ साली, राथके नावाच्या अभ्यासकाने सांगितलं की नाही, हे शिंपल्यावर वाढणारे परजीवी आहेत, आणि त्यांना 'ग्लोकिडियम' असं नाव दिलं. आईच्या पोटातल्या लेकरांना बांडगूळ ठरवलं गेलं. चूक सुधारली, नाव तसंच राहिलं. मग १८६६ मध्ये लायडिग या आणखी एका अभ्यासकाला हे ग्लोकिडियम माशाच्या अंगावर सापडलं, आणि गोष्टीचा हरवलेला दुवा हाती आला.

गोष्ट अशी. नर शिंपला आपलं बीज प्रवाहात सोडून देतो. खालच्या अंगाला मादी असेल तर ती ते पाण्याबरोबर आत ओढून घेते. अंडी तिच्या कल्ल्यांत वाढतात, श्वास घ्यायच्या जागीच ती लेकरं सांभाळते. या अळ्या हजारोंनी, काही जातींत लाखोंनी असतात, आणि प्रत्येक अळी म्हणजे दोन झडपांचा एक चिमटा. पाण्यात सुटल्यावर तिच्या हाती फार थोडा वेळ असतो. तेवढ्यात एखाद्या माशाचा कल्ला किंवा पर तिच्या चिमट्यात सापडला पाहिजे. तोही कुठलाही मासा चालत नाही. कित्येक जातींना एक-दोन ठरावीक मासेच चालतात, दुसऱ्या माशाचं शरीर त्या अळीला झटकून टाकतं. योग्य मासा मिळाला तर त्याची त्वचा अळीभोवती वाढते. त्या इवल्या कोशात काही आठवडे, काही जातींत सबंध हिवाळा काढून ती शिंपला होते आणि तळाशी गळून पडते. माशाला सहसा फारसा त्रास होत नाही. ज्याला उभ्या आयुष्यात चार हात सरकणं म्हणजे प्रवास, असा हा जीव, त्याची लेकरं माशाच्या पाठीवर बसून प्रवाहाच्या उलट वरवर जातात. नदीच्या वरच्या अंगाला शिंपले कसे पोचले, याचं उत्तर हेच.

आणि मासा जवळ यावा म्हणून या आयांनी काय काय केलंय! लॅम्पसिलिस गटातल्या मादीच्या अंगाची कडा लांबून बाहेर येते आणि हुबेहूब छोट्या माशासारखी दिसते. डोळ्याचा ठिपका, अंगावरची रेघ, शेपूटसुद्धा. ती कडा ती लयीत हलवत राहते. मोठा बास मासा भक्ष्य समजून झडप घालतो आणि त्याच्या तोंडात अळ्यांचा फवारा उडतो. दुसरी एक, अलाबामाच्या ओढ्यांमधली, आपल्या अळ्यांचं माशाच्या आकाराचं पुडकं करते आणि ते दोन मीटरहून लांब, पारदर्शक दोरीच्या टोकाला बांधून प्रवाहात सोडते. स्नफबॉक्स नावाची आणखी एक. लॉगपर्च हा मासा नाकाने दगड उलथत हिंडतो. तो जवळ आला की ही त्याचं डोकंच आपल्या दोन झडपांत पकडते, अळ्या त्याच्या कल्ल्यांवर सोडते आणि मग त्याला जाऊ देते. लॉगपर्चची कवटी टणक, तो वाचतो.

माझा जीव अडकला तो एका साध्या गोष्टीत. लॅम्पसिलिसच्या मादीने मासा कधी पाहिलेला नसतो. तिला पाहणारे डोळेच नाहीत. जो मासा पाहिला नाही, पाहू शकणार नाही, त्याचं चित्र ती स्वतःच्या अंगातून काढते. त्या रात्री मी कितीतरी वेळ ती हलणारी कडा पुन्हा पुन्हा पाहत बसले होते.

आता जिथं हा लेख खरा सुरू व्हायला हवा तिथं येते.

युरोपातल्या थंड, स्वच्छ नद्यांत मोत्याचा शिंपला राहतो. तो सहज शंभरी गाठतो, उत्तरेकडच्या नद्यांत तर दोनशेच्या घरात जातो. मोत्यांपायी त्याची शतकानुशतकं कत्तल झाली. एक मोती मिळावा म्हणून शेकडो शिंपले फोडले जायचे. स्कॉटलंडमध्ये १९९८ पासून त्याला हात लावणं गुन्हा आहे, आणि तरी चोरी थांबलेली नाही. पण चोरी हे त्याचं सर्वांत मोठं दुखणं नव्हे. अशा एखाद्या नदीत उतरलं तर तळाशी शिंपल्यांची दाट वस्ती दिसते. शेकडो काळ्या पाठी, एकमेकींना टेकून उभ्या. बघणारा म्हणतो, छान चाललंय की. जाणकार वाकतो, त्यांच्या मधली वाळू चाळतो, आणि विचारतो: लहान आहेत का?

आणि बहुतेक नद्यांत लहान नसतात. सगळ्यात तरुण शिंपला पन्नास-साठ वर्षांचा. म्हणजे या नदीत शेवटचं लेकरू जगलं त्याला अर्धं शतक उलटलं. म्हातारे मात्र दरवर्षी न चुकता लाखो अळ्या सोडतायत.

कारण वाळूतच आहे. माशावरून गळल्यावर या जातीचं पिल्लू नदीच्या खडीत शिरतं आणि चार-पाच वर्षं तिथंच, दगडगोट्यांच्या फटीत, नजरेआड काढतं. त्या फटींतून ताजं पाणी खेळतं राहिलं तरच त्याला श्वास मिळतो. काठची झाडं तोडली, शेतातली माती पावसाबरोबर उतरली, नदी यंत्रांनी उकरली, की बारीक गाळ त्या फटींत बसतो. मोठा शिंपला अर्धा वर असतो, त्याला वरचं पाणी मिळतं. तो जगतो. पिल्लू खाली गुदमरतं. वरून नदी नितळ दिसत असते. मासा नाहीसा झाला तरी तेच. या शिंपल्याला सॅमन किंवा ट्राउटच लागतो, आणि तोही कोवळ्या वयाचा, कारण एकदोनदा अळ्या वाहून नेलेल्या माशाचं शरीर पुढच्या वेळी दाद देत नाही.

स्पेनमधल्या एब्रो नदीत याहून जड कहाणी आहे. तिथला महाकाय शिंपला जगातून गेला असंच धरून चालले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो तिथं जिवंत सापडला. आनंद खरा, पण सापडले ते बहुतेक वयस्क. त्यांची लेकरं वाहणारा स्टर्जन मासा त्या नदीतून केव्हाच संपला होता. म्हणजे ही मंडळी कितीतरी वर्षं, दर हंगामात, न येणाऱ्या पाहुण्यासाठी दार उघडत होती. पुढे प्रयोगांत दिसलं की ब्लेनी नावाचा एक छोटा नदीतला मासाही या अळ्यांना चालतो. असं काही वाचलं की मला उगाच त्या ब्लेनीचे आभार मानावेसे वाटतात.

वस्ती आहे पण वंश नाही, ही अवस्था मोजणीत दिसत नाही, म्हणून ती मला सगळ्यात भयंकर वाटते. वाघ नसला तर नसतो. शिंपला असतो, आणि तरी गेलेला असतो. धरण बांधल्यावर पलीकडचा मासा अलीकडे येईनासा होतो, आणि परिणाम दिसायला तीस-चाळीस वर्षं लागतात. तोवर धरण बांधणारे निवृत्त झालेले असतात. अमेरिकेतल्या टेनेसी नदीवर मसल शोल्स हा उथळ, खळाळता पट्टा होता. त्या एका पट्ट्यात सत्तरच्या आसपास जातींचे शिंपले नांदत होते. १९२४ मध्ये तिथं विल्सन धरण पूर्ण झालं आणि खळाळ स्थिर पाण्याखाली गेला. एकट्या उत्तर अमेरिकेत या शिंपल्यांच्या तीनशेच्या आसपास जाती, जगाच्या साधारण एक तृतीयांश, आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक आज संकटात किंवा नामशेष. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारने एकवीस जाती नामशेष ठरवून संरक्षित यादीतून काढल्या. त्यांत आठ शिंपले होते. चौघांच्या नावात 'ब्लॉसम' होतं: ग्रीन, यलो, टर्जिड, ट्युबरकल्ड. बहर म्हणून ज्यांना हाक मारली ते चार जीव एका दिवशी, एका कागदावर संपले. प्रत्यक्षात ते कित्येक दशकं आधीच गेले होते.

संवर्धनाची बाजू मांडताना हटकून सांगतात की एक मोठा शिंपला दिवसाला चाळीसएक लिटर पाणी गाळतो, म्हणून तो वाचवा. आकडा चांगला आहे, पण हा युक्तिवाद मला खुपतो. त्यातून ऐकणाऱ्याचा समज होतो की घाण पाण्यात शिंपले सोडले की काम झालं. खरं तर घाण पाण्यात पहिला मरतो तोच. अमोनियाचं त्याच्या पिल्लांना इतकं वावडं आहे की अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०१३ मध्ये नद्यांमधल्या अमोनियाच्या मर्यादा जास्त कडक केल्या, त्या मुख्यतः या शिंपल्यांवरच्या अभ्यासांमुळे. पोलंडमध्ये वॉर्सा शहराला विस्तुला नदीतून पाणी मिळतं, आणि तिथल्या जलकेंद्रात आठ शिंपले पहाऱ्यावर असतात. प्रत्येकाच्या टरफलावर एक संवेदक. पाण्यात विषारी काही आलं की ते एकदम मिटतात आणि धोक्याची सूचना जाते. काही महिन्यांनी त्यांना परत पाण्यात सोडतात, नवे आठ येतात. ज्या मिटण्याने मिसिसिपीत ते आकड्यावर गेले, त्याच मिटण्यावर इथं एक राजधानी विसंबून आहे.

कधीकधी सगळं नीट असूनही घाला पडतो. व्हर्जिनिया आणि टेनेसीतून वाहणारी क्लिंच नदी शिंपल्यांच्या बाबतीत फार श्रीमंत. २०१६ पासून दर शरदात तिथं फेझंटशेल जातीचे शिंपले हजारोंनी मरू लागले. पाणी तपासलं, उष्णता तपासली. आजारी शिंपल्यांत शेवटी एक विषाणू ठळकपणे आढळला. तिथं काम करणारी माणसं दर वर्षी त्या काठावर जातात, मेलेले मोजतात, जगलेल्यांचे नमुने घेतात. मी त्यांच्या जागी असते तर किती वर्षं तग धरला असता, सांगता येत नाही.

पण जिथं पिल्लं वाढवली जातात त्या जागांविषयी वाचताना मन उभारी धरतं. पोटुशी मादी हलक्या हाताने, अगदी थोडी उघडायची. पिचकारीने कल्ल्यातल्या अळ्या धुऊन घ्यायच्या. त्या जिवंत आहेत का हे बघायला त्यातल्या थोड्या बाजूला काढून मिठाचे दोन-चार कण टाकायचे. जिवंत असतील तर सगळ्या टपकन मिटतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो क्षण पाहायला मिळावा अशी माझी फार इच्छा आहे. मग बादलीत मासे, त्यात अळ्या, आणि पाणी सतत ढवळत ठेवायचं. पुढचे आठवडे टाकीचा तळ रोज बारीक चाळणीतून गाळायचा, कारण गळून पडलेलं पिल्लू वाळूच्या कणाएवढं असतं. विस्कॉन्सिनमधल्या जिनोआच्या मत्स्यकेंद्रात हिगिन्स आय या जातीसाठी हे काम दोन दशकांहून जास्त चाललंय. झेब्रा शिंपले बाहेरून येऊन मिसिसिपीत पसरले, स्थानिक शिंपल्यांच्या अंगावर थरावर थर चढून त्यांना उपाशी मारू लागले, तेव्हा हे हाती घेतलं गेलं. इंग्लंडमध्ये विंडरमियर सरोवराच्या काठावर २००७ पासून वेगवेगळ्या नद्यांचे मोत्याचे शिंपले वेगवेगळ्या टाक्यांत सांभाळलेत, प्रत्येक नदीचा वंश निराळा ठेवून. मोत्याचा शिंपला वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात. आज टाकी गाळणारी मुलगी निवृत्त होईल तेव्हाही तिचं पिल्लू तरुणच असेल.

या देवघेवीची एक उलटी बाजूही आहे, तीही सांगायलाच हवी. बिटरलिंग म्हणून छोटे मासे आहेत, आशियात आणि युरोपात. त्यांची मादी लांब नळीने आपली अंडी शिंपल्याच्या कल्ल्यांत घालते. माशाची पिल्लं तिथं सुरक्षित वाढतात आणि पोहता येऊ लागलं की बाहेर पडतात. जपानमध्ये इतासेनपारा नावाच्या बिटरलिंगला राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा मानून संरक्षण दिलंय. पण त्याला वाचवायचं तर शिंपला हवा, आणि शिंपल्याला त्याचा मासा. एकाचं नाव यादीत घातलं तरी दोघांना पाणी द्यावं लागतं.

हे सगळं वाचून झाल्यावर एकदा मी पाणी ओसरलेल्या नदीत उतरले. ज्या माणसाला शिंपल्यांतलं कळतं तो बरोबर होता. वाळूवर बोटाने ओढल्यासारखी एक वाकडीतिकडी रेघ होती. "तिच्या मागोमाग जा," तो म्हणाला. रेघेच्या शेवटी वाळूत दोन छोट्या फटी, झालर लावल्यासारख्या. एवढ्या वर्षांत मी पाहिलेला हा पहिला जिवंत शिंपला. सावली पडली तसा तो मिटला. मग दिसायला लागले, इथं एक, तिथं तीन. मी मोजायला लागले. त्याने मान हलवली आणि चाळण माझ्या हातात दिली.

आम्ही बराच वेळ वाळू चाळली. बोटं आखडली. खडे, काडी-कचरा, गोगलगायींची टरफलं. आणि मग चाळणीच्या कडेला नखाएवढं काहीतरी पिवळसर हिरवं, इतकं पातळ की त्यातून उजेड येत होता. पाठीवर तीन वलयं होती. मी ते तळहातावर घेतलं, तर मिटलेलंच राहिलं. "पायाची बाजू खाली," त्याने सांगितलं. मी वाळूत बोटाने खड्डा केला, ते पिल्लू आडवं ठेवलं आणि हात मागे घेतला. माझ्या पावलांनी उठलेला गाळ हळूहळू वाहून गेला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्या दोन झडपांमधून एक पांढरी जीभ बाहेर आली, तिने वाळू चाचपली, आणि पिल्लू एका हिसक्यात उभं राहिलं.